निळा ठिपका लवकर यावा म्हणून

खरिपाची पेरणी उरकली की महाराष्ट्रात बांधाबांधांवर एक नवं दृश्य दिसू लागतं. शेतकरी आपल्याच शेतात मोबाइल उंच धरून उभा असतो आणि पडद्यावर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत असतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद तोवर तलाठी करत असे. आता शेतकऱ्याने ती स्वतः ॲपमधून करायची आणि त्यासाठी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. म्हणजे आपण कुठे आहोत हे आधी फोनला कळायला हवं. चक्र फिरत राहतं, ऊन चढतं, बॅटरी उतरते आणि शेवटी ‘या फोनचं जीपीएसच खराब’ असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा जीपीएस खराब नसतं. तोच फोन तालुक्याच्या चौकात दोन-चार सेकंदांत जागा दाखवतो. चौकात मोबाइलची रेंज असते, शेतात ती एखादी काडी असते किंवा तीही नसते. जीपीएस तर उपग्रहावरून येतं, मग रेंजचा त्याच्याशी काय संबंध? हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कळलं की फोनमधली कोणती सेटिंग कामाची आणि कोणती निव्वळ बोलाची, हे आपोआप उलगडतं.

जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी कोण, आता किती वाजले आणि मी कुठे आहे. तिथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी जमिनीवर पोहोचायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. हा उशीर मोजून फोन त्या उपग्रहापर्यंतचं अंतर काढतो. मोजणीत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने हुकते. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात, फोनमध्ये साधं क्वार्ट्झचं घड्याळ असतं. त्यामुळे जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, तरी फोनच्या घड्याळाची चूक शोधायला चौथाही लागतो.

आता हा संदेश किती क्षीण असतो ते पाहा. एका वॉटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढी शक्ती जमिनीवर पोहोचते. फोनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक खरखरीपेक्षाही ती कमी असते. तरी फोन ती ओळखतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ खुणांचा ठरलेला सांकेतिक नमुना दर सहस्रांश सेकंदाला पुन्हा पुन्हा येत असतो आणि तो नमुना फोनला आधीपासून पाठ असतो. उपग्रह सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने धावत असल्यामुळे त्याची कंप्रताही थोडी वरखाली सरकते. कोणता उपग्रह, नमुन्याचा कोणता बिंदू, कोणती कंप्रता, या सगळ्या जोड्या फोनला तपासून पाहाव्या लागतात. भरलेल्या जत्रेत हरवलेल्या माणसाला एकेका दुकानापाशी जाऊन शोधावं, तसं हे काम आहे. ‘पाळण्यांच्या डाव्या हाताला उभा आहे’ एवढं कोणी कळवलं, तरी शोध चुटकीसरशी संपतो.

उपग्रह सापडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तो आत्ता नेमका कुठे आहे हा तपशील, म्हणजे एफेमेरिस, त्याच्याकडूनच ऐकावा लागतो आणि तो बोलतो सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे. चांगल्या ४जीवर सेकंदाला कोटभर बिट सहज येतात, त्याशेजारी हा वेग ठेवून पाहा. ३० सेकंदांच्या एका चक्रात पहिली १८ सेकंदं हा तपशील येतो. तेवढ्यात शेतकरी झाडाखाली गेला, फोन खिशात टाकला किंवा हात आडवा आला आणि मधलाच तुकडा गळला, तर तो तुकडा ऐकायला पुढच्या चक्राची वाट पाहावी लागते. चार उपग्रहांपैकी एकेकाचं असं दोन-तीनदा झालं की मिनिटं कशी जातात ते समजतं. सगळ्या उपग्रहांचं मिळून एक ढोबळ वेळापत्रकही याच संदेशातून येतं, त्याला अल्मनॅक म्हणतात. ते पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. जुन्या काळची हातातली जीपीएस यंत्रं पहिल्यांदा सुरू केली की मोकळ्या माळावर ठेवून द्यावी लागत, ती यामुळेच.

यातून पहिली कामाची गोष्ट निघते, आणि तिला एकही सेटिंग लागत नाही. नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका येत नाही म्हणून लोक फोन घेऊन इकडून तिकडे फिरतात, तो हलवतात, लोकेशन बंद-चालू करतात. रेंज नसलेल्या ठिकाणी नेमकं उलट करायला हवं. डोक्यावर मोकळं आकाश असलेली जागा गाठून, फोन सपाट हातात धरून, एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहायचं. त्या १८ सेकंदांत खंड पडू द्यायचा नाही.

पण शहरात तर ठिपका दोन सेकंदांत येतो. तिथे हे सगळं का सोसावं लागत नाही?

त्याचं मूळ अमेरिकेतल्या एका नियमात आहे. तिथल्या दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये मोबाइल कंपन्यांना बजावलं की ९११ या आपत्कालीन क्रमांकावर मोबाइलवरून फोन आला, तर फोन करणारा कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. घरात आग लागलेल्या माणसाला मिनिटभर मैदानात उभं राहायला सांगणं शक्य नव्हतं. त्या काळात कॅलिफोर्नियातल्या स्नॅपट्रॅक या छोट्या कंपनीने सहायक जीपीएसचं तंत्र पुढे नेलं आणि २००० मध्ये क्वालकॉमने ती कंपनी विकत घेतली. कल्पना सरळ आहे. उपग्रहांची माहिती जमिनीवरच्या केंद्रांकडे सतत असतेच. मग ती ५० बिटांच्या संथ वाटेने फोनने का ऐकावी? मोबाइलच्या जाळ्यातूनच ती पाठवून द्यावी. टॉवरवरून ढोबळ जागा, जाळ्यातून नेमकी वेळ आणि सर्व्हरवरून उपग्रहांचा तपशील, एवढं मिळालं की फोनला फक्त अंतरं मोजायची उरतात. एजीपीएस म्हणतात ते हेच.

म्हणजे जलद ठिपक्यासाठी फोनला तीन गोष्टी आगाऊ ठाऊक असाव्या लागतात: साधारण कुठे आहोत, किती वाजले आणि कोणते उपग्रह कुठे आहेत. कामाच्या सगळ्या सेटिंग्ज या तिन्हींपैकी कशाची तरी वाट मोकळी करतात. वेळेपासून सुरुवात करू, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मोबाइलमधल्या एखाद्या खेळात पुढची पायरी लवकर उघडावी म्हणून मुलं तारीख पुढे ढकलतात आणि ती तशीच राहते. कधी दुरुस्तीहून आलेल्या फोनमध्ये तारीख-वेळ हाताने भरलेली असते. ‘तारीख आणि वेळ आपोआप’ हे बटण चालू ठेवावं. त्याने काही बिघडत नाही, आणि घड्याळ चुकल्याने होणारे इतर घोटाळेही टळतात.

जागेच्या अंदाजासाठी अँड्रॉइडमध्ये ‘लोकेशन’च्या आत ‘लोकेशन अचूकता’ नावाचं बटण असतं. जुन्या फोनांत याच ठिकाणी ‘उच्च अचूकता’, ‘बॅटरी बचत’ आणि ‘फक्त डिव्हाइस’ असे तीन पर्याय दिसत. ‘फक्त डिव्हाइस’ निवडलं की एका फटक्यात टॉवर आणि वाय-फायची सगळी मदत तुटत असे. नव्या फोनांत ‘लोकेशन अचूकता’ बंद केली की तसंच काहीसं घडतं. वाय-फाय स्कॅनिंगचं बटणही जवळपासच असतं. आसपासच्या राउटरांची ओळख फोन टिपतो, कोणता राउटर कुठे आहे याच्या मोठ्या साठ्याशी ती ताडून पाहतो आणि जागा काढतो. त्यासाठी त्या वाय-फायला जोडलं जाण्याची किंवा कोणाचा पासवर्ड माहीत असण्याची गरज नसते. २००७ चा पहिला आयफोन तर जीपीएसशिवायच आला होता. तो टॉवर आणि वाय-फायवरूनच जागा दाखवू लागला. जीपीएस आलं २००८ च्या आयफोन ३जीमध्ये. पुण्यातल्या सदाशिव पेठेत, जिथे घराघरात राउटर आहे, तिथे वाय-फाय स्कॅनिंगचा फरक लगेच जाणवतो. शिवारात मात्र त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आपण वाय-फाय बंद केलं तरी हे स्कॅनिंग चालू राहू शकतं आणि त्यातून आपल्या वावराचा माग राहतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी जाणून-समजून बंद ठेवावं आणि थोडा उशीर पत्करावा. हा सौदा प्रत्येकाने स्वतः ठरवायचा आहे.

तिसरी गोष्ट उपग्रहांचा तपशील. इथे सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. शेतावर, गडावर किंवा घाटात निघण्यापूर्वी रेंज असताना, घराच्या अंगणात किंवा गच्चीत, मोबाइल डेटा चालू ठेवून नकाशा उघडायचा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आक्रसेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. एवढ्यात फोन ताजा तपशील गोळा करतो. एफेमेरिस साधारण चार तास उपयोगी पडते, त्यामुळे त्या वेळात रेंज नसलेल्या जागी पोहोचलात तरी ठिपका झटकन येतो. बऱ्याच फोनांतल्या चिप पुढच्या काही दिवसांचे कक्षांचे अंदाजही उतरवून ठेवतात. तो साठाही इंटरनेट असतानाच भरला जातो. आठवडाभर डेटा बंद ठेवून थेट डोंगरात फोन उघडणाऱ्याला त्याचा लाभ मिळत नाही.

परवानग्यांचा घोळ वेगळा, आणि अनेक तक्रारी त्यापायी होतात. २०२० पासून आयफोनमध्ये आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून अँड्रॉइड फोनांत प्रत्येक ॲपला ‘अचूक’ की ‘अंदाजे’ जागा द्यायची, हे वापरणाऱ्याने ठरवायचं असतं. घाईत ‘अंदाजे’वर बोट पडलं की ॲपला नेमक्या जागेऐवजी परिसराचा ढोबळ अंदाज मिळतो, आणि उपग्रह कितीही स्वच्छ दिसत असले तरी ते ॲप चुकीचीच जागा दाखवत राहतं. एका ॲपमध्ये जागा बरोबर आणि दुसऱ्यात चूक येत असेल, तर आधी परवानगी तपासावी. तसंच बॅटरी बचतीचं. काही फोनांत ती चालू असताना पडदा बंद झाला की लोकेशनही थांबतं. रिक्षा-टॅक्सीचालक आणि घरपोच सेवा देणारी मुलं दिवसभर याच्याशी झगडत असतात. त्यांनी कामाच्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळलं, तर दर थांब्यावर नव्याने शोध घेण्याची पाळी येत नाही.

आता बोलाच्या भाताकडे वळू. ‘जीपीएस बूस्टर’ नावाची ॲप ढिगाने मिळतात. कोणतंही ॲप फोनच्या अँटेनाची ताकद वाढवू शकत नाही. त्यांतली बरीच एजीपीएसची साठवलेली माहिती पुसून नवी मागवतात. फोन महिनाभर बंद होता किंवा विमानाने दूरच्या देशात पोहोचला, तर याचा थोडा फायदा होईल. पण रेंज नसलेल्या ठिकाणी ‘माहिती साफ करा’ दाबणं म्हणजे घरून आणलेली शिदोरी फेकून देणं. पुसलं जाईल, नवं मात्र येणार नाही, आणि मग उरतात त्या ३० सेकंदांच्या फेऱ्या. उपग्रह खरोखर दिसताहेत का हे बघायचं असेल, तर जीपीएसटेस्टसारखं ॲप चांगलं. ते काही वाढवत नाही, फक्त कोणता उपग्रह किती जोरकसपणे ऐकू येतोय ते दाखवतं. स्तंभ खाली-वर होताना पाहिले की एका झाडाच्या फांदीने काय फरक पडतो ते डोळ्यांना दिसतं.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत हौशी मंडळी याहून खोल जात. २०१० मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एसचं जीपीएस जगभर कुप्रसिद्ध झालं होतं. लोक गुप्त आकडे डायल करून चाचणीचा मेनू उघडत आणि सर्व्हरची नावं बदलून बघत. फोन रूट करून, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून, ‘जीपीएस डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये आपल्या देशाचा वेळ-सर्व्हर लिहिण्याची टूम तेव्हा जोरात होती. त्यामागचं कारण खोटं नव्हतं: दूरच्या सर्व्हरकडून वेळ यायला उशीर झाला, तर सुरुवात रेंगाळे. आजच्या फोनांत वेळ आणि सहायक माहिती अनेक वाटांनी येते, त्यामुळे या खटाटोपातून हाती जवळजवळ काही लागत नाही. उलट, रूट केलेल्या फोनवर बऱ्याच बँकांची ॲप चालायला नकार देतात. आज कोणी ही युक्ती सुचवली तर नम्रपणे नाही म्हणावं.

सेटिंग कितीही नेटकी असली तरी आकाश दिसलंच पाहिजे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना दोन्ही बाजूंना कातळ असतो आणि डोक्यावर आकाशाची नुसती पट्टी उरते. उपग्रह तिथे असतात, पण बहुतेक कड्यांआड. जे दिसतात ते एकाच रेषेत असल्यामुळे जागाही धड ठरत नाही. मुंबईत लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये तऱ्हा निराळी. संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत उभा राहतो. या दुसऱ्या दुखण्यावर नव्या फोनांत इलाज आला आहे. २०१८ च्या शाओमी मी ८ पासून काही फोन एल१ या नेहमीच्या कंप्रतेच्या जोडीला एल५ ही दुसरी कंप्रताही ऐकतात. एल५ च्या खुणा दहापट बारीक असल्याने सरळ आलेला संदेश आणि परावर्तित संदेश यांतला फरक चांगला कळतो. ही सोय चिपमध्ये असते किंवा नसते, सेटिंगने आणता येत नाही. फोन घेतानाच ‘ड्युअल फ्रीक्वेन्सी’ आहे का, ते विचारावं. गाडीत उष्णतारोधक धातूचा मुलामा दिलेली काच असेल, तर फोन डॅशबोर्डवर ठेवूनही उपग्रह अंधुक ऐकू येतात, हेही लक्षात असावं.

आपल्या नाविकबद्दलही लोक हमखास विचारतात. इस्रोच्या या यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. तिचे उपग्रह भारताच्या आकाशात उंचावर राहतात, आणि उंच इमारतींच्या शहरांत हा मोठाच गुण. क्वालकॉमने २०२० मध्ये नाविक ऐकणाऱ्या चिप जाहीर केल्या, आणि २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्येही ही सोय आली. पण पहिल्या पिढीतल्या अनेक उपग्रहांची परदेशी अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मधला एनव्हीएस-०१ हा उपग्रह भारतीय बनावटीचं घड्याळ घेऊन गेला आणि एल१ कंप्रताही बरोबर घेऊन गेला. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. ही मालिका पूर्ण होणं देशासाठी मोलाचं आहे. फोनमध्ये मात्र नाविक चालू करायचं वेगळं बटण शोधू नये. चिपला ते ऐकता येत असेल, तर ती जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू यांच्या जोडीने आपोआप ऐकते.

दोन गैरसमज मात्र आवर्जून दूर करायला हवेत. घाटात निळा ठिपका दिसतो, पण भोवती कोरा पडदा असतो. तिथे जीपीएस चोख काम करत असतं, नकाशाची चित्रं तेवढी इंटरनेटअभावी उतरलेली नसतात. त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरी वाय-फायवर उतरवून ठेवला की प्रश्न मिटतो. आणि बाण उलट्या दिशेला दाखवत असेल, तर दोष होकायंत्राचा असतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा तो त्यासाठी. गाडीतल्या चुंबकाच्या होल्डरमधून काढून फिरवला तर अधिक चांगलं. त्याने दिशा सुधारते, ठिपका लवकर येत नाही.

हे सगळं सर्वांत मोलाचं ठरतं ते अपघाताच्या वेळी. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवताना ‘सध्याचं स्थान’ या ओळीखाली ते किती मीटरपर्यंत अचूक आहे, याचा आकडा येतो. घाबरलेला माणूस त्याकडे न बघता पाठवून मोकळा होतो, आणि आकडा हजार मीटरच्या पुढे असेल तर मदतीला निघालेली माणसं भलत्याच वस्तीत पोहोचतात. गाडीबाहेर मोकळ्यावर यावं, आकडा दोन अंकी होऊ द्यावा, मग पाठवावं. आणि १०८ ला फोन लावला असेल, तर लोकेशनच्या भरवशावर न राहता रस्त्याचं नाव, जवळचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा तोंडीही सांगावा.